कराचीमार्गे वळिवडे

पिंपरीत राहणाऱ्याला ‘कॅम्प’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. लग्नाचा बस्ता असो, पोरांचे गणवेश असोत, नाहीतर दिवाळीच्या माळा; “कॅम्पात जाऊन येतो” एवढं म्हणून माणूस घराबाहेर पडतो आणि घरच्यांना पुढचं सगळं कळतं. शगुन चौकातली गर्दी, गल्ल्यावर बसलेले सिंधी काका, मराठी गिऱ्हाइकाशी त्यांचं अस्खलित मराठी आणि मागच्या नोकराला सिंधीतून दिलेली हाक. हा शब्द इथे आला कसा, असा प्रश्न मला स्वतःला कित्येक वर्षं पडला नव्हता. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं पिंपरीत उतरवली गेली, तो हा तळ. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला. बजाज आणि टेल्को तर त्यानंतर आले. म्हणजे ज्याला आपण उद्योगनगरी म्हणतो, तिथे कारखान्यांच्या भोंग्याआधी निर्वासितांच्या चुली पेटल्या होत्या.

महाराष्ट्रात अशा सिंधी वसाहती आणखी आहेत. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं, हे बहुतेकांना माहीत असतं. कोल्हापूरच्या पूर्वेला, रेल्वेच्या रुळालगत गांधीनगर आहे. कापडाची घाऊक बाजारपेठ म्हणून त्याचं नाव दक्षिण महाराष्ट्रात सगळीकडे ठाऊक आहे. पण गांधीनगरचे बराकी-रस्ते सिंधी लोकांसाठी बांधलेले नव्हते. सिंधी आले तेव्हा तिथल्या चुली नुकत्याच विझल्या होत्या. त्या चुलींवर पाच वर्षं पोलंडच्या बायकांनी स्वयंपाक केला होता.

पोलिश माणूस आणि परदेश यांचं नातं जुनं आहे. १७७२ ते १७९५ या काळात रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी तीन हप्त्यांत पोलंड वाटून घेतला आणि १९१८ पर्यंत हा देश नकाशावर नव्हताच. १८३०-३१ चा उठाव फसल्यावर लेखक, सैनिक, उमराव असे हजारो लोक पॅरिसला गेले. संगीतकार शोपँ १८३० च्या नोव्हेंबरमध्ये वॉर्सातून निघाला तो परत आलाच नाही. मारिया स्क्लोदोव्स्का, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातली मादाम क्युरी, १८९१ मध्ये शिकायला पॅरिसला गेली आणि १८९८ मध्ये सापडलेल्या मूलद्रव्याला तिने पोलोनियम असं नाव दिलं. ज्या देशाला टपालाचं तिकीटही नव्हतं, त्याचं नाव तिने मूलद्रव्यांच्या यादीत लिहिलं. परदेशी वसलेल्या साऱ्या पोलिश समाजाला मिळून ‘पोलोनिया’ म्हणतात. आज पोलिश वंशाचे सुमारे दोन कोटी लोक पोलंडबाहेर राहतात, असा अंदाज सांगितला जातो.

देश सोडणाऱ्यांतले फार थोडे उमराव किंवा शास्त्रज्ञ होते. बहुतेक जण गेले ते पोटामागे. पोलिश भाषेत त्यासाठी शब्दप्रयोगच आहे: भाकरीमागे जाणं. शिकागोचे कत्तलखाने, पेनसिल्व्हेनियाच्या कोळसाखाणी, ब्राझीलच्या पाराना प्रांतातली जंगलतोड. आपल्याकडच्या वाचकाला सगळ्यात जवळचं वाटेल ते जर्मनीतलं रूर खोरं. १८७० नंतर तिथे कोळसा आणि पोलादाचे कारखाने वाढले आणि पूर्वेकडच्या शेतीवाडीतून लाखो पोलिश तरुण खाणीत उतरले. आधी एक जण जायचा, मग तो भावाला बोलवायचा, मग गावातली आळीच्या आळी एकाच खाणीवर. बीड-लातूर-परभणीची माणसं चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर कशी पोचतात हे ज्याने पाहिलं आहे, त्याला ही साखळी वेगळी सांगायला नको. बोखुमला १८९० पासून त्यांचं पोलिश वर्तमानपत्र निघायचं, १९०२ मध्ये त्यांनी आपली कामगार संघटना काढली. १८९९ मध्ये, खाणीत जबाबदारीचं काम करायचं तर जर्मन यायलाच हवं असा नियम आला. त्याच वर्षी हेर्न गावी पोलिश खाणकामगारांचा संपही भडकला. माणूस घर सोडतो, पण भाषा सोडत नाही.

कोल्हापूरला आलेले पोलिश मात्र भाकरीमागे आलेले नव्हते. त्यांना घरातून उचलून नेलं होतं.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला, हे आपण शाळेत शिकतो. १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून शिरलं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. पूर्वेचा निम्मा पोलंड सोव्हिएत संघात गेला. १० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, दारं ठोठावली गेली. माजी सैनिकांची शेतकरी कुटुंबं आणि वनरक्षकांची कुटुंबं पहिल्यांदा उचलली. अर्ध्या तासात जे गोळा होईल ते घ्यायचं, आणि मालगाडीच्या डब्यात बसायचं. एप्रिलमध्ये अटकेतल्या अधिकाऱ्यांच्या बायकामुलांची पाळी आली. त्यांना कझाकस्तानच्या माळावर सोडलं. जूनमध्ये आणि पुढच्या वर्षी आणखी दोन लाटा. सोव्हिएत पोलिसांच्या स्वतःच्या नोंदींत या चार खेपांचा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास आहे. अर्खांगेल्स्कची जंगलं, सैबेरिया. झाडं तोडायची, ठरलेलं काम झालं तर पाव मिळायचा. म्हातारी आणि तान्ही मुलं आधी गेली.

सुटका झाली ती हिटलरमुळे. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर चाल केली आणि स्टालिनला मित्र हवे झाले. ३० जुलैला लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारशी करार झाला. पोलिश कैद्यांना ‘माफी’ जाहीर झाली. ज्यांनी कुठलाच गुन्हा केला नव्हता त्यांना दिलेली माफी! सैबेरियातून, उत्तरेतून लोक चालत, गाड्यांच्या टपावर बसत दक्षिणेकडे निघाले, कारण जनरल आंदेर्स तिथे पोलिश सैन्य उभारत होते. सैन्याच्या आडोशाने बायकामुलंही वाचतील, एवढीच आशा. १९४२ मध्ये दोन खेपांत सुमारे १ लाख १५ हजार माणसं कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. त्यांत सैनिक नसलेले सुमारे ३७ हजार. किनाऱ्यावर त्यांचे कपडे जाळले, केस भादरले, उवा मारल्या. टायफस आणि आमांशाने कित्येक जण त्या वाळूतच गेले. आज तिथे पोलिश कबरस्तान आहे.

पुरुष सैन्यात गेले. उरल्या बायका, म्हातारे, अनाथ मुलं. त्यांना ठेवायचं कुठे? पूर्व आफ्रिकेत टांगानिका आणि युगांडा, मेक्सिकोत सांता रोसा, न्यूझीलंडमध्ये पाहियाटुआ. आणि हिंदुस्थान.

हिंदुस्थानात सगळ्यात आधी आली ती अनाथ मुलं. तीही समुद्राने नव्हे, तर अश्काबादहून मशहद, झाहेदान, क्वेट्टा अशी ट्रकमधून. काही काळ मुंबईत वांद्र्याला राहून ती नवानगर संस्थानात गेली. जामसाहेब दिग्विजयसिंहांनी जामनगरजवळ बालाचडी इथे त्यांच्यासाठी जागा काढली. ती गोष्ट आता बऱ्यापैकी माहीत झाली आहे. वॉर्सात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, शाळा आहे. बालाचडीत काही शे मुलं होती. मोठी वस्ती झाली ती मात्र आपल्याकडे.

इराणातून निघालेली कुटुंबं जहाजाने कराचीला उतरायची. कराचीत त्यांच्यासाठी तात्पुरते तळ होते, एक कंट्री क्लबच्या जागेत, दुसरा मालीरला. कराचीची आठवण वाचकाने जपून ठेवावी. तिच्याकडे परत यायचं आहे. तिथून १९४३ च्या मध्यापासून ही कुटुंबं मुंबईमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या छावणीत येऊ लागली. मुंबईहून कोल्हापूरला जाणारा रेल्वेचा रस्ता तेव्हाही लोणावळा, तळेगाव, चिंचवड असाच पुण्याला यायचा. देहूरोडला नुकताच युद्धासाठी दारूगोळ्याचा डेपो झाला होता. चिंचवड म्हणजे मोरया गोसावींचं गाव, पवनेचा काठ, ज्वारी-बाजरीची शेतं. आज त्या रुळाच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांची छपरं दिसतात. तेव्हा खिडकीतून एकही दिसलं नसतं. पुण्यात मोठी गाडी सोडून मीटरगेजची गाडी धरायची, मिरजेला पोचायचं, आणि तिथून संस्थानाच्या रेल्वेने कोल्हापूर. ही मिरज-कोल्हापूर रेल्वे शाहू महाराजांच्या काळात, १८९१ मध्ये सुरू झाली होती.

या वाटेवर थोडं थांबायला हवं, कारण त्या वर्षी ती साधी वाट नव्हती. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. ७ जून १९४३ ला याच पुणे-मिरज मार्गावर शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सरकारी पगाराची रेल्वे लुटली. हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते, बंगालात माणसं भुकेने रस्त्यावर मरत होती. ज्या इंग्रज सरकारविरुद्ध इथला माणूस लढत होता, त्याच सरकारने आणलेले हे गोरे पाहुणे. तरीही कोल्हापूरकरांनी त्यांच्यावर राग धरल्याच्या कथा सापडत नाहीत. जे ऐकू येतं ते उलट आहे. इंग्रज साहेब वेगळा आणि पायांत खेटरही नसलेली, मुंडण केलेली ही पोरं वेगळी, हे लोकांना न सांगता कळलं असावं. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

याच रुळालगत किर्लोस्करवाडी येते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी निवडुंगाच्या माळावर वसवलेलं हे कारखान्याचं गाव औंध संस्थानात होतं. औंध म्हणजे आपल्या सांगवीपलीकडचं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं. आणि औंधात, वळिवड्याचा पहिला बांबू रोवण्याआधीच, एक पोलिश माणूस येऊन गेला होता. मॉरिस फ्रीडमन, वॉर्साचा ज्यू अभियंता, १९३० च्या दशकाच्या मध्यावर म्हैसूर संस्थानात विजेच्या कारखान्याचं काम पाहायला आला. औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांच्याशी त्याची मैत्री झाली. गावाच्या हाती कारभार देणारी औंधची राज्यघटना १९३९ च्या जानेवारीत आली, ती घडवण्यात गांधीजींबरोबर याचाही हात होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांना भिंतींशिवाय, शेती करत ठेवण्याचा प्रयोग झाला, त्याच्याही मागे फ्रीडमन होता. त्या प्रयोगावरून पुढे गदिमांनी कथा लिहिली आणि कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. गांधीजींनी फ्रीडमनला ‘भारतानंद’ म्हटलं. धनुष तकली ही त्याचीच कल्पना. अखेरच्या वर्षांत तो मुंबईत खेतवाडीच्या निसर्गदत्त महाराजांपाशी बसायचा आणि त्यांच्या मराठी संवादांचं इंग्रजी पुस्तक १९७३ मध्ये त्यानेच सिद्ध केलं. हा माणूस आपल्या पायांनी, आपल्या मर्जीने आला. वळिवड्याच्या पाच हजारांना कुणी मर्जी विचारली नव्हती.

पाच हजार हा आकडा नीट डोळ्यांसमोर आणला पाहिजे. वळिवडे हे पंचगंगेच्या बाजूचं छोटं खेडं. त्याच्या माळावर, रेल्वेला लागून, लांबच लांब बराकींच्या रांगा उठल्या. लाकडाचा सांगाडा, विणलेल्या चटयांच्या भिंती, वर कौलं. प्रत्येक कुटुंबाला दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढे पडवी. सैबेरियाच्या लाकडी झोपडीत तीन-तीन कुटुंबं एका शेगडीभोवती झोपलेली ही माणसं. त्यांना स्वतःचं दार मिळालं. दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. इथे सगळ्यांचं जेवण एका भटारखान्यात होत नसे. घरागणिक भत्ता मिळायचा आणि प्रत्येक आई आपल्या घरचं जेवण आपण करायची. निर्वासिताला भाकरी देणं आणि भाकरी थापायची परात देणं यांत फार फरक आहे, आणि छावणी चालवणाऱ्यांना तो कळला होता.

खर्च लंडनच्या पोलिश सरकारच्या नावावर पडत होता. हिंदुस्थान सरकारचा अधिकारी होता, कोल्हापूर दरबारही होता. राजगादीवर तेव्हा अल्पवयीन शिवाजी महाराज असल्यामुळे कारभार महाराणी ताराबाईंच्या रीजन्सी मंडळाकडे होता. पण छावणीच्या आतला कारभार पोलिश लोकांचा. छावणीप्रमुख व्लादिस्लाव यागिएवोविच हे पोलिश कॅप्टन होते. आत प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, दवाखाना, चर्च, अनाथाश्रम, टपाल, नाटकाचा रंगमंच, दुकानं, शिवणकाम-विणकामाचे वर्ग. पुस्तकं नव्हती, तेव्हा मास्तरणी आठवणीतून शिकवत आणि मुलं वहीत उतरवून घेत. दोन-तीन वर्षं ज्या मुलांनी फळा पाहिला नव्हता, ती पोलंडचा इतिहास आणि लॅटिन शिकू लागली. स्काउटची पथकं निघाली. शेकोट्या, कूच, आजूबाजूच्या किल्ल्यांवर सहली. मुंबईतून ‘हिंदुस्थानातला पोलिश’ अशा अर्थाच्या नावाचं पोलिश नियतकालिक येई आणि छावणीत वाचलं जाई. छातीच्या दुखण्याचे रुग्ण हवापालटासाठी पाचगणीला पाठवले जात. काही मुली तिथल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्या.

आणि बाहेर कोल्हापूर. टांगे, ऊस, गुऱ्हाळं, पहिल्या पावसानंतरचे साप, विंचू. पोलंडच्या गावात पेरू किंवा पपई कुणी पाहिली होती? आजूबाजूचे शेतकरी भाजी, अंडी, कोंबड्या घेऊन छावणीच्या वेशीवर येत. भाव करायचा तर आकडे यायला हवेत, म्हणून मुलं आधी मराठी आकडे शिकली. आपल्याकडच्या पोरांनाही मग थोडं पोलिश यायला लागलं. शिंपी, दूधवाले, चपला करणारे, टांगेवाले. छावणीने कोल्हापुरातल्या पुष्कळ घरांना काम दिलं. काही प्रेमं जुळली. एका पोलिश मुलीने कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केलं, मराठी नाव घेतलं आणि आयुष्य इथेच काढलं. नऊवारी-सहावारीच्या घरात ती सून म्हणून वावरली आणि घरात मराठी बोलली.

या सगळ्यात पुरुष कुठे होते? इटलीत. आंदेर्सचं सैन्य इराक, पॅलेस्टाइन, इजिप्त करत पोलिश दुसरी कोअर म्हणून ब्रिटिश आठव्या सेनेत लढत होतं. रोमच्या वाटेवर मोंते कॅसिनोचा डोंगर होता आणि त्याच्या माथ्यावर मठ. १९४४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे भारतीय चौथ्या डिव्हिजनने धडका दिल्या आणि तिची माणसं मोठ्या संख्येने पडली. मे महिन्यात शेवटचा हल्ला झाला. पोलिश सैनिक डोंगर चढले. त्याच वेळी खाली गारी नदी ओलांडून भारतीय आठवी डिव्हिजन पुढे सरकली, तिच्यात मराठा पलटण होती. १८ मे ला मठाच्या भग्नावशेषांवर पोलिश झेंडा लागला. त्याच मोहिमेत पुढे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा पलटणींच्या जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगेंना मरणोत्तर. कोकणातला आणि नगर जिल्ह्यातला शेतकऱ्याचा पोर इटलीच्या डोंगरात, आणि त्याच डोंगरातल्या पोलिश शिपायाची बायको पंचगंगेकाठी त्याच्या पत्राची वाट पाहत. वळिवड्याच्या टपालात त्या उन्हाळ्यात काळी बातमी घेऊन आलेली पत्रंही असणारच.

जिंकूनही ते हरले. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला रुझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन बसले आणि पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडेच राहील हे ठरलं. वळिवड्यातली बहुतेक कुटुंबं नेमकी त्याच भागातली होती. ल्वुफ, विल्नो, त्यांच्या आसपासची खेडी. त्यांनी घर सोडलं तेव्हा ते पोलंडमध्ये होतं. युद्ध संपलं तेव्हा ते घर जागेवरच होतं, पण खालची सीमा सरकली होती. ५ जुलै १९४५ ला ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. म्हणजे ज्या सरकारच्या पैशावर छावणी चालत होती, ते सरकारच जगाच्या लेखी उरलं नाही. पुढे खर्च संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थांकडे गेला. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली आणि तिथली मुलं वळिवड्याला आली.

आता जायचं कुठे, हा प्रश्न प्रत्येक पडवीत होता. कम्युनिस्ट पोलंडमध्ये परतायला थोडेच तयार झाले. १९४७ मध्ये ब्रिटनने पोलिश सैनिकांसाठी पुनर्वसनाचा कायदा केला आणि त्यांची बायकामुलं तिकडे निघाली. तिथेही रिकाम्या लष्करी छावण्यांतल्या अर्धगोल पत्र्याच्या बराकी वाट पाहत होत्या. काही ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला, अमेरिकेला गेले. ज्यांची सोय लागली नाही ते पूर्व आफ्रिकेच्या छावण्यांत. १५ ऑगस्ट १९४७ त्यांनी इथेच पाहिला. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली, कोल्हापुरात जाळपोळ उसळली, भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. त्याच सुमारास उरलेले पोलिश सामान बांधत होते. १९४८ च्या सुरुवातीच्या महिन्यांत वळिवडे रिकामं झालं.

आणि इथे कराची परत येते. १९४२-४३ मध्ये ज्या शहराने पोलिश लोकांना हिंदुस्थानात पहिला आसरा दिला, त्या शहरातून आता सिंधी हिंदू बाहेर पडत होते. कराची, हैदराबाद, शिकारपूर, लारकाना. पंजाबची आणि बंगालची फाळणी झाली, निदान अर्धा तुकडा तरी इकडे राहिला. सिंध सगळाच्या सगळा पलीकडे गेला. त्यांचं घरही जागेवरच होतं आणि खालची सीमा सरकली होती. कराचीच्या बंदरातून जहाजं मुंबईला येत, मुंबईतून गाड्या सुटत. पाच वर्षांपूर्वी पोलिश कुटुंबं आली होती, तोच समुद्र आणि तोच रूळ. वळिवड्याच्या चटयांच्या बराकी रिकाम्या होत्या. सिंधी कुटुंबं त्यांत राहायला आली आणि वस्तीला गांधीजींचं नाव मिळालं.

शिकारपूरच्या बाईने कौलाच्या आढ्याखाली पोळीचा तवा ठेवला तेव्हा त्या भिंतीवर आधीच्या घरच्यांनी क्रूस टांगायला ठोकलेला खिळा राहिला असेल का, असं माझ्या मनात नेहमी येतं.

पोलिश लोक गेले आणि सिंधी राहिले, हा दोघांमधला मोठा फरक. पोलिश समाजाने वळिवड्यात शाळेवर, चर्चवर, भाषेवर सारा जोर लावला, कारण त्यांच्या दृष्टीने ही वाट होती, मुक्काम नव्हता. परत जायचं म्हणून मुलांना पोलिश यायलाच हवं. सिंधी माणसाने मात्र पहिल्या आठवड्यापासून डोक्यावर कापडाचे तागे घेतले आणि कोल्हापूरच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, कारण परत जाणं नाही हे त्याने ओळखलं होतं. त्याची भाषा घरात राहिली आणि बाजारात मराठी आली. गांधीनगर आणि पिंपरी कॅम्प, दोन्ही ठिकाणी हेच घडलं. पिंपरीत तर पुढे भोवती कारखाने आले आणि पहिल्या पाळीचा कामगार पगाराच्या दिवशी खरेदीला जायचा तो कॅम्पातच.

गेलेले पोलिश वळिवडे विसरले नाहीत. लंडनमध्ये ‘हिंदुस्थानातल्या पोलिशांचं मंडळ’ उभं राहिलं. छावणीतले जुने विद्यार्थी, म्हणजे म्हातारी झालेली ती मुलं, ठरावीक वर्षांनी भेटत राहिली आणि २००० मध्ये त्यांनी आपल्या आठवणी आणि कागदपत्रांचं जाडजूड पुस्तक छापलं. १९९८ मध्ये, निघण्याला पन्नास वर्षं झाल्यावर, काही जण कोल्हापूरला आले आणि महावीर उद्यानात स्मारकाचा स्तंभ उभारला गेला. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये वॉर्सात, मोंते कॅसिनोच्या स्मारकाजवळ, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक लागलं. २०१९ मध्ये पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री कोल्हापुरात आले होते आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या त्या स्मारकावर फुलं वाहिली. ज्या शहराचं नाव आपल्याकडे रंकाळा, कुस्ती आणि तांबड्या-पांढऱ्या रश्शाशी जोडलेलं, ते तिकडे दगडात कोरलेलं आहे.

कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश थडगी आहेत. सैबेरियात वाचून, कास्पियन ओलांडून, इथवर येऊन जे पुढे जाऊ शकले नाहीत त्यांची. नावं पोलिश अक्षरांत आहेत. ज्या अक्षरांवर आडवी रेघ किंवा खाली शेपटी असते, ती इथल्या पाथरवटाने अंदाजाने कोरली असतील.

वळिवड्यात त्या पाच वर्षांत मुलंही जन्मली. आज ती ऐंशीच्या घरात आहेत, कुणी इंग्लंडात, कुणी ऑस्ट्रेलियात. त्यांनी कोल्हापूर पाहिलं ते आईच्या काखेतून, आणि आठवतही नसेल. पण पासपोर्टचा अर्ज भरताना जन्मस्थानाच्या रकान्यात त्यांना आयुष्यभर करवीरच्या त्या खेड्याचं नाव लिहावं लागलं. पिंपरी कॅम्पातले जुने आजोबाही आपल्या कागदावर जन्मगाव लिहितात: कराची.